४ डिसेंबर, गेटवे

वर्षभर गेटवे ऑफ इंडिया म्हणजे आपल्यासाठी काय? बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना न्यायचं ठिकाण. अलिबागची बोट पकडायची जागा. 'एक फोटो, अर्जंट फोटो' म्हणत मागे लागणारे फोटोवाले, कबुतरं, समोर ताज. नरिमन पॉइंटला नाहीतर फोर्टात नोकरी करणारे आपण तिथून पाच-दहा मिनिटांवर असतो, पण स्वतःहून तिकडे जात नाही. मुंबईकर गेटवेला जात नाही, त्याला न्यावं लागतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र जावं. ४ डिसेंबर हा नौदल दिन, आणि त्याच्या आसपासच्या एका संध्याकाळी नौदलाचा पश्चिम विभाग गेटवेसमोर 'बीटिंग रिट्रीट' आणि 'टॅटू सेरेमनी' करतो. पांढऱ्या युनिफॉर्ममधला बँड, बंदुका फिरवत केलेली बिनचूक कवायत, डोक्यावरून जाणारी हेलिकॉप्टर्स आणि अंधार पडला की समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या युद्धनौकांवर एकदम लागणारे दिवे. जहाजांची नुसती आउटलाइन दिसते, जणू कुणीतरी काळ्या पाण्यावर सोनेरी पेनाने स्केच काढलंय. ऑफिसमधून थकून आलेला माणूसही दोन मिनिटं मोबाइल काढायचा विसरतो. तिसऱ्या मिनिटाला काढतोच, ती गोष्ट वेगळी.

आता या 'टॅटू'चा हातावर गोंदवून घ्यायच्या टॅटूशी काही संबंध नाही. सतराव्या शतकात हॉलंड-बेल्जियमच्या भागात सैन्याचे तळ पडले की सैनिक संध्याकाळी गावातल्या गुत्त्यांवर जाऊन बसायचे. त्यांना परत आणायला ड्रमवाला रस्त्यातून फिरायचा. ड्रम ऐकला की गुत्तेवाल्याने पिंपाचा नळ बंद करायचा. डच भाषेतल्या 'नळ बंद करा' या हुकमाचं इंग्रजांच्या तोंडी झालं टॅटू. म्हणजे आपल्या पबमध्ये साडेबाराला वेटर येऊन 'सर, लास्ट ऑर्डर' म्हणतो ना, तेच. फक्त ड्रमसकट. 'बीटिंग रिट्रीट'ही तशाच जातीचं. दिवस मावळला, आता लढाई थांबवून तळावर परत या, असा इशारा. मनोरंजन नंतर आलं, आधी ती शिस्तीची घंटा होती.

तारीख पे तारीख

पण नौदल दिन ४ डिसेंबरलाच का? ऑफिसात सकाळी एचआरचा 'हॅपी नेव्ही डे'चा मेल येतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिरंगी फॉरवर्ड्स फिरतात. त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, असं विचारलं तर दहातले सात जण 'स्थापना झाली असेल' म्हणतील. उत्तर चुकीचं आहे, पण अंदाज वाईट नाही. हवाई दलाचा दिवस खरंच स्थापनेचा आहे: ८ ऑक्टोबर १९३२. भूदलाचा १५ जानेवारी म्हणजे खुर्ची बदलल्याचा दिवस. १९४९ मध्ये त्या तारखेला जनरल रॉय बुचर या इंग्रज सेनापतीकडून करिअप्पांनी सूत्रं घेतली आणि पहिल्यांदा एक भारतीय माणूस सगळ्या सैन्याच्या डोक्यावर बसला. नौदलाने निवडली ती लढाईची रात्र. तिन्ही दलं एकाच देशाची, पण 'आमचा दिवस कोणता' या प्रश्नाला तिघांची उत्तरं तीन. एकाने जन्म निवडला, एकाने हक्क आणि एकाने विजय.

नौदलाचंही उत्तर पहिल्या फटक्यात आलेलं नाही. आपल्याकडे पहिला नेव्ही डे झाला २१ ऑक्टोबर १९४४ रोजी, तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीचा. तारीख का ती? कारण १८०५ मध्ये त्या दिवशी ट्रॅफल्गरला नेल्सनने फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराला हरवलं होतं. लढाई स्पेनच्या किनाऱ्याजवळची, विजय इंग्रजांचा आणि संचलन आपल्या बंदरांतल्या रस्त्यांवर. त्यात चालणारे किती तरी खलाशी रत्नागिरीकडचे असतील. त्यांच्या गावापासून जयगड-विजयदुर्ग हाकेच्या अंतरावर, जिथे कान्होजी आंग्र्यांनी याच इंग्रजांना घाम फोडला होता. पण उत्सव कुणाचा, तर नेल्सनचा.

पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, मुंबई आणि कराचीत १ डिसेंबरला नेव्ही डे झाला. बदलाचं कारण अगदी घरगुती आहे: ऑक्टोबरमध्ये पावसाची शेपटी अजून वळवळत असते, डिसेंबरची हवा बरी. नंतर १५ डिसेंबर ही तारीख रुळली आणि १९७१ पर्यंत चालली. मे १९७२ मध्ये वरिष्ठ नौदल अधिकाऱ्यांच्या परिषदेत ठरलं, की यापुढे ४ डिसेंबर. गंमत म्हणजे यातली एक तारीख ज्या दोन शहरांनी मिळून साजरी केली, त्यातल्याच एकावर दुसऱ्याच्या बाजूने झालेल्या हल्ल्याची ही चौथी तारीख.

काळा कागद लावलेल्या खिडक्या

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं. ४ तारखेच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौका कराचीच्या दिशेने निघाल्या. सोबतीला किल्तान आणि कच्छल ही दोन मोठी जहाजं. कमांडर बब्रूभान यादव मोहिमेचे नेते. मोहिमेचं नाव ऑपरेशन ट्रायडंट.

या नौका रशियाकडून आणलेल्या, आणि मुळात घेतल्या होत्या आपल्याच बंदरांच्या राखणीसाठी. वेग भन्नाट, क्षेपणास्त्रं जबरदस्त, पण इंधनाची टाकी लहान. सोप्या भाषेत सांगायचं तर स्पोर्ट्स बाइक घेऊन लडाखला जायचं ठरवल्यासारखं. म्हणून मोठ्या जहाजांच्या मागे दोर बांधून त्यांना ओढून नेण्याचा सराव नौदलाने आधीच करून ठेवला होता. मला या सगळ्या गोष्टीत क्षेपणास्त्रांपेक्षा हा दोर जास्त आवडतो. जुगाड म्हणून आपण ज्याला हसतो, त्याचं हे सर्वात गंभीर उदाहरण असावं.

त्या रात्री खैबर ही पाकिस्तानी विनाशिका बुडाली, मुहाफिझ ही सुरुंग काढणारी नौका बुडाली, केमाडीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. आपल्याकडचं एकही माणूस गेलं नाही. खैबरवरचे दोनशेहून जास्त खलाशी मात्र गेले. तेही कुणाच्या तरी घरचे. हे वाक्य नौदल दिनाच्या फॉरवर्डमध्ये सापडत नाही, पण समुद्रावर नोकरी केलेल्या माणसांशी बोललात तर ते स्वतःहून काढतात.

आमची आजी तेव्हा गिरगावात राहायची. तिला मी विचारलं, "आजी, कराचीवर हल्ला झाला ते तुम्हाला कधी कळलं गं?"

"अगं, कराची कुठली कळायला! रेडिओवर सांगितलं असेल. आम्हाला आठवतो तो ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते सगळ्यांनी. सायरन वाजला की दिवे बंद. गाड्यांच्या दिव्यांनासुद्धा अर्धा काळा रंग. तुझे काका तान्हे होते, त्यांचं दूध अंधारात गरम केलंय मी."

आज गेटवेवर युद्धनौकांवरचे दिवे लागतात तेव्हा टाळ्या पडतात. त्याच तारखेला १९७१ मध्ये या शहराने सगळे दिवे घालवले होते. आजीने हे काही मुद्दाम जोडून सांगितलं नाही, ती लगेच दुधावर आणि मग रेशनच्या साखरेवर गेली. पण मला ते जहाजावरचे दिवे तेव्हापासून थोडे वेगळे दिसतात.

पाच दिवसांनंतर

आता ९ डिसेंबर. या तारखेला कुणी मेल पाठवत नाही. दीवपासून साधारण चाळीस सागरी मैलांवर हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. १९४. स्वातंत्र्यानंतर युद्धात गमावलेली आपली ती एकमेव युद्धनौका. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते जहाजासोबत गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. वाचलेल्यांची संख्या ६७.

दीवला आपण जातो ते बीचसाठी. आणि, उगाच कशाला सोज्ज्वळपणा, स्वस्त बिअरसाठीही. पण चक्रतीर्थ बीचजवळच्या टेकाडावर खुकरीचं स्मारक आहे. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आणि समोर तोच समुद्र. त्याच नावाची दुसरी खुकरी डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि तीही दीवला देण्यात आली. पुढच्या वेळी दीवला गेलात तर निदान अर्धा तास तिथे काढा. ४ डिसेंबरची गोष्ट ९ डिसेंबरशिवाय अर्धी आहे. जिंकलेल्या रात्रीचा सण होतो, हरलेल्या रात्रीचं स्मारक होतं, आणि स्मारकं बहुतेक वेळा शहरापासून लांब असतात.

गेटवेचाही हॅपी बर्थडे

एक योगायोग. जॉर्ज विटेटने आराखडा काढलेली ही कमान व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने जनतेसाठी उघडली ती तारीख होती ४ डिसेंबर १९२४. बांधलेली होती पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ मध्ये इथल्या अपोलो बंदरावर उतरले त्याची आठवण म्हणून. म्हणजे नौदल दिन आणि गेटवेचा वाढदिवस एकच. २०२४ मध्ये तर कमानीची शंभरी झाली. १९७२ मध्ये तारीख ठरवणाऱ्यांच्या हे मनातही नसणार. पण राजाच्या स्वागताला बांधलेल्या दगडी दारासमोर प्रजासत्ताकाचं नौदल दरवर्षी त्याच सुमाराला बँड वाजवतं, आणि बाजूला १९६१ पासून घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज ते बघतात, याची मजा काही औरच. याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी देशाबाहेर पडली. स्वागताचं दार निरोपाचं झालं.

या पायऱ्यांवरची माझी सर्वात आवडती गोष्ट मात्र यातली कुठलीच नाही. ती आहे फेब्रुवारी १९४६ ची.

कुलाब्याला नौदलाची सिग्नल शाळा होती, एचएमआयएस तलवार. १८ फेब्रुवारीला तिथल्या नौसैनिकांनी जेवण नाकारून संप पुकारला. निमित्त निकृष्ट जेवणाचं, पण दुखणं जुनं: गोऱ्यांना एक पगार आणि वागणूक, काळ्यांना दुसरी, वर कमांडरच्या शिव्या. बी. सी. दत्त नावाच्या पोराने त्याआधीच तळाच्या भिंतींवर 'छोडो भारत'च्या घोषणा रंगवल्या होत्या आणि अटक ओढवून घेतली होती. संप दोन दिवसांत ७८ जहाजं आणि वीस हजारांच्या घरात नौसैनिकांपर्यंत पोचला. जहाजांवरचा इंग्रजी झेंडा उतरला आणि काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे चढले. संपाच्या समितीचे प्रमुख एम. एस. खान, उपप्रमुख मदन सिंग. नावं वाचा आणि फाळणीला तेव्हा फक्त दीड वर्ष उरलं होतं हे लक्षात ठेवा.

२१ तारखेला फोर्टातल्या कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला. तो तळ आज आयएनएस आंग्रे म्हणून ओळखला जातो. नौसैनिकांची अन्नाची रसद तोडली होती. तर मुंबईकरांनी काय करावं? फळं, पाव, शिजवलेलं जेवण घेऊन लोक गेटवेला आले. दुकानदार, हॉटेलवाले, रस्त्यावरची साधी माणसं. नौसैनिक होड्यांतून किनाऱ्याला येऊन ते घेऊन जात होते. दुसऱ्या दिवशी शहर बंद. गिरण्या थांबल्या. लष्कराने रस्त्यारस्त्यांवर गोळ्या चालवल्या, परळला कमल दोंदे गेल्या, आणि त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेहून जास्त माणसं मेली. २३ तारखेला, सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर, नौसैनिकांनी माघार घेतली. शेकडोंना नोकरीवरून काढलं. स्वातंत्र्य आलं, पण त्यांना ना भारताच्या नौदलाने परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळाली ती बऱ्याच वर्षांनी.

१८ फेब्रुवारीचा 'दिन' नाही. कारण उघड आहे. कुठलंही सैन्य, ते कितीही आपलं असलं तरी, हुकूम मोडल्याचा वार्षिकोत्सव कसा करणार? नौदलाची अडचण मला समजते. आणि त्यांनी काहीच केलं नाही असंही नाही. कुलाब्यात नथालाल पारेख मार्गावर एका छोट्या बागेत या उठावाचं स्मारक आहे, खलाशाचा पुतळा. आणि नौदलाच्या दोन टग बोटींना नावं दिली आहेत बी. सी. दत्त आणि मदन सिंग. टग बोट म्हणजे मोठ्या जहाजांना धक्क्यापर्यंत ढकलणारी, ओढणारी छोटी दणकट बोट. विमानवाहू जहाजाला नाव देण्याचा मान मोठा, मान्य. पण ज्यांनी सबंध साम्राज्याला दाराकडे ढकललं, त्यांच्यासाठी टग बोट काही वाईट निवड नाही.

माझी तक्रार नौदलाशी नाहीच, आपल्याशी आहे. गेटवेवर नौसैनिकांना डबे पोचवणारे मुंबईकर होते, फौजी नव्हते. तो दिवस साजरा करायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. २६ जुलैचा पूर आला की आपण 'स्पिरिट ऑफ मुंबई' म्हणतो, लोकांनी वाटलेल्या बिस्किटांच्या पुड्यांच्या गोष्टी सांगतो. त्याची सगळ्यात झणझणीत आवृत्ती इथे, याच पायऱ्यांवर होऊन गेली आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला दोन ओळी होत्या.

आणि मालवण

अलीकडे नौदल दिनाचा मोठा सोहळा गावं फिरतो. २०२३ मध्ये तो मालवणला झाला, सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर तारकर्लीच्या किनाऱ्यावर. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस जाऊन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला होता. ट्रॅफल्गरपासून सिंधुदुर्गापर्यंत यायला ७९ वर्षं लागली. त्याच ४ डिसेंबरला राजकोट किल्ल्यावर उभारलेला महाराजांचा पुतळा नऊ महिन्यांत, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, हेही याच गोष्टीत येतं. समोर साडेतीनशे वर्षं लाटा झेलत किल्ला उभा आहे. मालवणच्या माणसाला यावर बोलतं करा, तो फक्त किल्ल्याकडे बोट दाखवतो आणि सोलकढी पुढे सरकवतो.

जायचं असेल तर

मुख्य कार्यक्रमाच्या खुर्च्या निमंत्रितांसाठी असतात, पण आधीच्या संध्याकाळी रिहर्सल चालतात आणि गर्दी कमी असते, त्यामुळे दिसतं उलट जास्त. चर्चगेटहून किंवा सीएसएमटीहून चालत या. वाटेत शहीद भगतसिंग रोडवर लायन गेट लागेल, नेव्हल डॉकयार्डचं दार. आतला फोटो काढू नका, शिपाई खरंच ओरडतो. गेटवेहून कॉजवे धरून पुढे जा, मग नथालाल पारेख मार्गावरच्या त्या बागेत. पाय अजून चालत असतील तर नेव्ही नगरच्या रस्त्याला अफगाण चर्च आहे, पहिल्या अफगाण युद्धात (१८३८-४२) मेलेल्यांसाठी बांधलेलं. ते युद्ध इंग्रज हरले होते. दुपारी तिथे बहुतेक कुणीच नसतं.

७ डिसेंबरला, म्हणजे तीनच दिवसांनी, ध्वजदिन. १९४९ पासून चालू आहे. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असा तो छोटा कागदी झेंडा शाळेत टाचणीने लावून घेतला असेल तुम्हीही, घरून आणलेले सुटे पैसे देऊन. निधी जातो तो जखमी सैनिक, माजी सैनिक आणि शहीदांच्या घरच्यांसाठी. आता तो ऑनलाइनही देता येतो, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर. टाचणी मात्र मिळत नाही.